स्वयंपाकघरातली कपाटं: सुताराकडून की कारखान्यातून?

पहिल्या घरातली कपाटं मी सुताराकडून जागेवर करून घेतली, दुसऱ्या घरातली कारखान्यात बनवून आणून बसवली. दोन्ही वर्षानुवर्षं वापरली आहेत, त्या जोरावर हे लिहितोय. प्लाय की एमडीएफ, लॅमिनेट की ॲक्रिलिक हे तुमचं एव्हाना पाहून झालं असेल, त्यामुळे त्यात शिरत नाही. जागेवरच्या कामाची धूळ आणि आवाजही सगळ्यांना माहीत आहेत; तेवढे आठवडे निघून जातात.

सुताराच्या बाजूने बोलायचं तर सगळ्यात आधी भिंत. ओळंब्यात असलेली भिंत मी तरी अजून पाहिलेली नाही. पहिल्या घरात कोपऱ्यातली भिंत वर जाता जाता चांगली दोन बोटं आत आली होती. सुताराने कडेची पट्टी भिंतीला टेकवली, भिंतीची वळणं पेन्सिलने तिच्यावर उतरवून घेतली आणि तेवढ्याच रेघेपर्यंत रंधा मारला. कपाट असं बसलं की फटीत पोस्टकार्ड शिरेना. हे काम बघत उभं राहायला मला फार आवडायचं. कारखान्याचे खण बहुतेक ३००, ४५०, ६००, ९०० मिमी अशा ठरलेल्या रुंदीचे असतात आणि उरलेल्या जागेत फिलर, म्हणजे भरीची पट्टी, येतो. तुमच्याच मापाने खण करून देणारेही आहेत, पण भिंतीलगत थोडा फिलर तिथेही लागतोच.

शिवाय सुताराकडे मधेच विचार बदलता येतो. खण अर्धा उभा असताना मी एक फळी चार बोटं खाली घ्यायला सांगितली आणि त्याने ती घेतली. कारखान्यात आराखड्यावर सही झाली की विषय संपला.

तरीही माझं मन फिरलं ते एका बारीकशा गोष्टीने: फळीच्या कडेने.

सिंकखालच्या शटरची, म्हणजे कपाटाच्या दाराची, खालची कड आठवून पाहा. भांडी घासताना ओट्यावरून ओघळलेलं पाणी शटरवरून खाली येतं आणि त्या कडेला थेंब होऊन लटकतं. दिवसातून कितीतरी वेळा. आमच्या शटरच्या दिसणाऱ्या तीन कडांना सुताराने हाताने पट्टी चिकटवली होती. खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून तिला नुसतं पॉलिश. दुसऱ्या वर्षी तिथून बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. वाकून पाहिलं तर प्लायचे पदर सुटू लागले होते. मग बाजूची पट्टीही खालच्या टोकाकडून उचलली गेली. मी ती तीनदा चिकटवली. दर वेळी कड पुसून, वाळवून, डिंक भरून, वरून चिकटटेप ओढून दोन दिवस ते शटर उघडायचं नाही. काही महिने गेले की पुन्हा तेच टोक वर. दर वेळी साडी किंवा टॉवेल त्यात अडकला की समजायचं. हात चांगला असलेल्या माणसाचं काम होतं ते, म्हणून जास्त वाईट वाटायचं.

कारखान्यात हीच पट्टी मशिनवर लागते. डिंक तापवून पातळ केलेला असतो, रोलर पट्टी दाबत जातात आणि जास्तीची कड तिथेच छाटली जाते. चारही बाजूंना, दिसो वा न दिसो. शटरला २ मिमीची पीव्हीसी पट्टी मागून घ्या, ती ठोकरीलाही टिकते. आणि मिळत असेल तर सिंकच्या खणापुरता तरी पीयूआर (पॉलियुरेथेन) डिंक, तो पाण्याला जास्त दाद देत नाही. दुसऱ्या घरातलं सिंकखालचं शटर मी अजूनही अधूनमधून वाकून चाचपतो. कड गुळगुळीत आहे.

मोजमापं घेऊन मी काही तपासलेलं नाही, आणि तुमचा सुतार कडेबाबत माझ्यापेक्षा चोखंदळ असेलही. खोलीत मधेच खांब असेल, छत उतरतं असेल, तर मीही सुतारालाच बोलवेन. कापणी आणि कडा मशिनवर करून आणायच्या आणि जोडणी सुताराकडून, हाही चांगला मार्ग आहे. पण साधी चौकोनी खोली आणि रोजचं पाणी असेल तर मला कारखाना बरा वाटतो.

तिकडे जाणार असाल तर माप फरशी आणि टाइल्स बसल्यावरच द्या. भिंत तळाशी, ओट्याच्या उंचीवर आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा. एल आकाराच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना फिलर ठेवायला सांगा. आम्ही ५० मिमीचा ठेवला, नाहीतर एका बाजूचा ड्रॉवर दुसऱ्या बाजूच्या मुठीवर आपटला असता.

आणि बसवायला माणसं येतील त्या दिवशी घरी थांबा. सिंकच्या खणात पाइपसाठी जागेवरच भोक पाडतात आणि त्या भोकाची कड उघडीच राहते, मशिनने लावलेल्या पट्ट्या कितीही चांगल्या असोत. मी खण भिंतीला सरकवण्याआधी त्यांना थांबवलं आणि भोकाच्या कडेला आतून-बाहेरून सिलिकॉन भरून घेतलं. खण एकदा जागेवर गेला की मागच्या बाजूला हात पोचत नाही.