अपहाराच्या अपिलासाठी वकील: पाचपैकी चार तारे

आमचे हे ग्रामसेवक. पाणीपट्टीच्या १ लाख ८६ हजारांचा अपहार केला म्हणून खालच्या कोर्टाने भारतीय दंड संहितेच्या कलम ४०९ खाली (सरकारी नोकराने ताब्यातल्या पैशाचा अपहार करणं) दोन वर्षं ठोठावली. शिक्षा तीन वर्षांच्या आतली, म्हणून त्याच कोर्टाने अपिलापुरता जामीन दिला. पण सत्र न्यायालयात जायला मुदत तीस दिवसांची. हे घरी भिंतीकडे तोंड करून बसले. निकाल पिशवीत घालून या वकीलसाहेबांकडे मीच गेले.

"देवाशप्पथ, ह्यांनी पै खाल्ली नाही," असं मी सुरू केलं. साहेबांनी चहा सांगितला आणि विचारलं, "वहिनी, साक्षींच्या नकला आणल्यात?" मला वाटलेलं निकाल म्हणजेच सगळं. निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते. साक्षी आणि निशाणीचे (म्हणजे पुराव्यात दाखल झालेले) कागद हवे असतील तर नकलेचा अर्ज वेगळा. चार हेलपाटे झाले. (खिडकी दुपारच्या सुट्टीनंतर कधी उघडेल याचा नेम नाही. डबा घेऊन जा.)

पुढच्या भेटीत सगळ्या कागदांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. ऑडिटरची साक्ष त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. फरक काढलेला रोकड वहीवरून. नमुना १० च्या, म्हणजे कर भरल्याच्या, पावतीपुस्तकांच्या मूळ स्थळप्रती कोर्टात आल्याच नव्हत्या, नुसत्या झेरॉक्स. पावत्यांवरची सही कुणाची, हे अक्षरतज्ज्ञाला कुणी विचारलं नव्हतं. वसुलीला घरोघर शिपाई फिरायचा. आणि ह्यांनी चार्ज घेतला तो वर्षाच्या मध्यात. ती चार्जयादी पुराव्यात नाहीच. मग रक्कम ह्यांच्या हातात आली कधी?

"आधी सरकार पक्षाने सोपवणूक, म्हणजे पैसा ह्यांच्या ताब्यात दिला होता हे, शाबीत करायची," साहेब म्हणाले. "ती एकदा झाली आणि हिशेब देता आला नाही, तर अपहार केला असं धरता येतं, हा सुप्रीम कोर्टाचा १९६० चा निकाल आपल्याच अंगावर येतो. म्हणून भांडायचं ते सोपवणुकीवर." सरपंचाच्या भाऊबंदकीची दोन पानं मी लिहून नेली होती. ती त्यांनी घडी घालून परत दिली. त्या दिवशी राग आला होता, खोटं का बोलू.

फी ३५ हजार, तीन टप्प्यांत, दर वेळी पावती. (पावतीचं महत्त्व आम्हाला कोण सांगणार!) एक तारा कापला तो फोनसाठी. साहेब फोन उचलत नाहीत, आणि ज्युनिअर "साहेब कोर्टात आहेत" एवढंच सांगतो, रविवारीसुद्धा. टंकलेखकाने ह्यांचं आडनाव चुकवलं, त्या दुरुस्तीत एक तारीख वाया गेली.

युक्तिवाद मात्र पाऊण तासात संपवला, आवाज न चढवता. अपील दाखल केल्यापासून एक वर्ष आठ महिन्यांनी निकाल लागला: सोपवणूक शाबीत नाही, निर्दोष.

नोकरीचं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका बँकेच्या शाखा व्यवस्थापकाला पुराव्याअभावी सोडलं, पण नोकरीतून काढल्याचा हुकूम तसाच ठेवला. खात्याच्या चौकशीला पुरावा कमी पुरतो. आमची चौकशी अजून चालू आहे आणि तिची फी वेगळी आहे, हे धरून चाला. तुमचा माणूस सुटणारच असं छातीठोकपणे सांगणारा वकील हवा असेल, तर इथे जाऊ नका.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षं ते जिने मीच चढले. सुटल्याच्या निकालाची नक्कल आणायला मात्र हे स्वतः गेले. डबा मी आठवणीने दिला होता.