नेस्ले-आलांड २८: आठ महिने तळटीपांच्या संगतीत

नेस्ले-आलांडच्या ग्रीक नव्या कराराची २८वी आवृत्ती (२०१२) घेऊन आठ महिने झाले. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध केलं, हे घरात लहानपणापासून ऐकत आले. त्यातूनच ग्रीकची ओढ लागली. पानाच्या वरच्या भागातला मजकूर मला हळूहळू वाचता येत होता. खालच्या तळटीपांकडे, म्हणजे कुठल्या जुन्या हस्तलिखितात काय वेगळं लिहिलंय त्या नोंदींकडे, मात्र पहिले दोन महिने मी पाहिलंसुद्धा नाही. एकेकटी अक्षरं, आकडे, चांदण्या, अर्ध्यावर तोडलेले लॅटिन शब्द. हे आपल्यासाठी नाही, असं वाटायचं.

मग आमच्या बुधवारच्या बायबल अभ्यासात पौलाच्या पत्रांतलं १ तीमथ्य ३:१६ हे वचन आलं. आपल्या मराठी शास्त्रात 'तो देहाने प्रकट झाला' असं आहे, तर १६११च्या किंग जेम्स भाषांतरात 'तो'च्या जागी 'देव'. एका काकांनी विचारलं, "बाई, हा फरक कुणी केला?" उत्तर त्याच तळटिपेत होतं, आणि मला ते वाचता येत नव्हतं.

त्या रात्री प्रस्तावना उघडली (ती जर्मन आणि इंग्रजीत आहे) आणि वहीत मराठीतून खुणा उतरवायला बसले. आलेफ म्हणजे चौथ्या शतकातलं सिनाय हस्तलिखित. ए म्हणजे पाचव्या शतकातलं अलेक्झांड्रियाचं. अक्षराच्या डोक्यावर चांदणी असली की मूळ लेखनिकाचा हात, सी असली की नंतर दुरुस्ती करणाऱ्याचा. एवढ्यावर टीप उलगडली: आलेफ आणि ए, दोन्हींत पहिल्या हाताने 'जो' लिहिलं होतं (मराठीत त्याचाच 'तो' झाला), 'देव' हे नंतरच्या हाताने केलं.

यातलं खरं मर्म तर हस्तलिखितातच आहे. जुने लेखनिक पवित्र नावं पूर्ण लिहीत नसत. 'थेऑस', म्हणजे देव, याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर, थीटा आणि सिग्मा, एवढंच लिहून वर आडवी रेघ ओढायची. 'जो' या अर्थाचा शब्द ओमिक्रॉन आणि सिग्मा. ओमिक्रॉन हे नुसतं वर्तुळ, थीटाच्या वर्तुळात एक आडवी रेघ. म्हणजे आत एक रेघ आणि वर एक रेघ, एवढ्याने 'जो'चा 'देव' होतो! पुढच्या बुधवारी हे फळ्यावर काढून दाखवलं. ते काका म्हणाले, "आम्ही पत्रात सा. न. वि. वि. लिहायचो, तसंच की." अगदी तसंच. ते पत्र वाचणाऱ्याला साष्टांग नमस्कार विनंती विशेष ठाऊक असायचं, म्हणून चार अक्षरं पुरायची.

वापरणाऱ्याने जपून राहावं अशी एक जागा सांगते, कारण माझी तिथे चूक झाली. डी हे अक्षर शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत आलं की केंब्रिजचं बेझा हस्तलिखित. पौलाच्या पत्रांत तेच डी म्हणजे पॅरिसचं क्लारोमोंटानुस. बेझात पौलाची पत्रं नाहीतच. मी वर्गात १ तीमथ्याच्या टिपेतलं डी बेझा म्हणून सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात सर्वांसमोर दुरुस्त केलं. आता वहीत अक्षराशेजारी हस्तलिखिताचा क्रमांकही लिहिते: बेझा ०५, क्लारोमोंटानुस ०६.

'विद' (vid) ही तीन लॅटिन अक्षरंही सोडू नयेत. 'उत विदेतुर', म्हणजे 'असं दिसतं'. पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला जुना कागद) फाटलाय किंवा शाई उडालीय, तिथे संपादक ही खूण लावतात. एवढ्या विद्वान माणसांनी 'आम्हाला इथे नीट दिसत नाही' हे तीन अक्षरांत नोंदवून ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं.

ग्रीकची मुळाक्षरंच शिकत असाल, तर हे पुस्तक घ्यायची घाई करू नका. थोडं वाचता येत असेल, तर सगळ्या खुणा पाठ करायच्या नादी लागू नका. एक वचन घ्या, त्याखालची एकच टीप फोडा, आणि अर्थ आपल्या हाताने मराठीत लिहा. माझ्या वहीची आता एकेचाळीस पानं झाली आहेत. या आठवड्यात मार्क १:१ आहे. तिथे 'देवाचा पुत्र' हे शब्द चौकटी कंसात आहेत (म्हणजे ते मूळचेच का, याची संपादकांना पुरती खात्री नाही) आणि टिपेत पुन्हा चांदणीवाला आलेफ आहे.