भावोजींच्या नंबरवरून आलेला मेसेज आणि माझे ४२,५०० रुपये

नंबर ओळखीचा, डीपी ओळखीचा, म्हणजे माणूसही तोच असं धरून चालणाऱ्यांनी वाचाच. माझे ४२,५०० रुपये गेलेत आणि वर येणारा जाणारा ऐकवतो, "शिकिल्लो मनीस न्ही रे तूं?"

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात फोंड्याला दुकान असलेल्याला विचारा डोकं जागेवर असतं का. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडवाचं) सामान, कापूर, अगरबत्ती, गिऱ्हाईक अंगावर येतंय आणि त्यात वास्कोच्या भावोजींचा व्हॉट्सॲप, की मित्राला ॲडमिट केलंय, माझं यूपीआय लिमिट संपलं, १८,५०० पाठव, संध्याकाळी देतो. पाठवले. थोड्या वेळाने अजून २४,०००. तेही गेले.

आता ऐका. भावोजी जन्मात टाइप करत नाहीत. साधं "हो" म्हणायलासुद्धा व्हॉइस, त्यात मागे कुत्रं भुंकत असतं. आणि हा मेसेज शुद्ध मराठीत, पूर्णविराम देऊन, वर "कृपया"! आमच्यात कोकणी सोडून बोलणं नाही, आणि भावोजी मला कृपया? पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नावही भलत्याच माणसाचं आलं. विचारलं, तर म्हणे हॉस्पिटलच्या अकाउंटंटचं आहे. हॉस्पिटलचं नाव काढल्यावर कोण उलटतपासणी घेतो, तुम्ही घेतली असती? व्हॉट्सॲप कॉलही केला होता मी, कट झाला, लगेच मेसेज, "आयसीयूबाहेर आहे, बोलता येत नाही." इथेच! साधा फोन लावायचा, साधा, व्हॉट्सॲपवरचा नाही. चोरांनी पळवलं होतं ते अकाउंट, सिम भावोजींच्याच खिशात होतं, त्यांनी उचलला असता, नाहीतर कॉल चोराकडे वळला असता तरी परका आवाज ऐकून कळलं असतं. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

भावोजींना गाठलं पार्सलवाला बनून. पत्ता सापडत नाही, हा नंबर डायल करा, स्टार २१ स्टार वगैरे. ते कॉल फॉरवर्डिंग असतं. मग व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड फोनवर मागवला की तो कॉल थेट चोराकडे. असं कोणी डायल करायला सांगितलं तर फोन ठेवा, केलंच असेल तर हॅश हॅश ००२ हॅश, फॉरवर्डिंग बंद. आणि व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आज, आत्ता घाला. भावोजींचा नव्हता, मग चोरानेच आपला घातला. एसएमएसचा कोड टाकून चोराला बाहेर काढता आलं, पण पिनमुळे भावोजी स्वतः सात दिवस बाहेर. फॅमिली ग्रुप मात्र चोराला आयते मिळालेले, माझा नंबर त्यातूनच.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लगेच लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मला कळलंच रात्री दुकान बंद केल्यावर, तेव्हा लावला.

मग बँक. चवथीचे दोन दिवस बंद. उघडल्यावर साहेब म्हणतात, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात. अशा व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, यावरचं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तर म्हणे ते परस्पर पैसे गेले तर, तुम्ही स्वतः पाठवलेत. बरं, पण ज्या खात्यात गेले त्याचं केवायसी कोणी केलं? ते खातं काय झाडाला लागलं होतं? गप्प.

पोलिसांत तर कहर. "खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही." अहो, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्यायलाच हवा, असं म्हटलं तर "वकील काय तुम्ही?" नुसता अर्ज घेतला, पोच म्हणून शिक्का मारायलाही कुरकुर. पोच घेतल्याशिवाय हलू नका. एकाने वर सुनावलं, "एवढा लोभ कशाला करायचा?" लोभ? आजारी माणसासाठी दिले मी पैसे, डबल होतील म्हणून नाही!

भावोजी म्हणतात, मी कुठे मागितले तुझ्याकडे. बहीण त्यांच्या बाजूने.

ज्या खात्यात पैसे गेले त्यात ६,२०० रुपये अडकवून ठेवलेत म्हणे. सोडवायचे तर कोर्टाची ऑर्डर आणा, असं मला तेव्हा सांगितलं. वकिलाला विचारलं, फी ५,०००.