बाबागाडी की कॅरियर? बाळंतिणीच्या फिरण्यासाठी काय घ्यावं

सव्वा महिना झाला, डॉक्टरांनी तपासून 'आता चालायला लागा' म्हटलं, की घरात बाबागाडीचा विषय निघतो. मामानं नाहीतर आत्यानं ती आधीच आणून ठेवलेली असते. छातीशी बाळ बांधायचं कॅरियर मात्र 'नखरे' या खात्यात जातं. कंपन्या, रंग, किमती तुम्ही पाहिल्याच असतील. इथे प्रश्न एवढाच, की आईचं चालणं कशामुळे सुरू होतं आणि तीन महिन्यांनीही चालू राहतं.

शरीराच्या हिशेबानं बाबागाडी सरस, हे आधी मान्य करते. बाळाचं वजन आईच्या कमरेवर आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येत नाही, हात मोकळे, पाण्याची बाटली आणि दुपटी खाली टाकता येतात. हँडल मात्र कोपराच्या उंचीला हवं. खाली असलं तर आई वाकून ढकलते आणि आठवडाभरात खांद्यांमध्ये दुखायला लागतं. पहिले सहा महिने बाळ आडवं झोपेल अशी सपाट होणारीच घ्या. उन्हासाठी वरून ओढणी टाकायची सवय वाईट. आत हवा खेळत नाही आणि गाडी तापते. आमच्या नाशिकात कृषीनगरचा चालायचा ट्रॅक किंवा गोल्फ क्लब मैदान इथवर पोचलात की गाडीसारखं सुख नाही.

पण पोचायचं कसं? माझ्यासाठी सगळा निकाल इथेच लागला, जिन्यात. साधी बाबागाडीही सात-आठ किलोंची, वर बाळ चार-पाच किलोंचं. सिझेरियननंतर पहिले सहा ते आठ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. सिडकोतला अरुंद जिना असो की इंदिरानगरातली बिनलिफ्टची तीन मजली इमारत, गाडी एकटीनं खाली नेता येत नाही. आधी गाडी न्यावी तर बाळ वर एकटं, आधी बाळ न्यावं तर गाडी आणायला कोण? घरातला माणूस सातपूर-अंबडच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला गेलेला. मग 'हे आले की जाऊ' सुरू होतं, ते आले की स्वयंपाक असतो, आणि पंधरा दिवसांनी गाडीवर वाळलेले कपडे पडायला लागतात. जिना उतरलाच, तर पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि फूटपाथवर लावलेल्या दुचाकी. गाडीची लहान चाकं फटीत अडकतात, हिसका बसतो, बाळ जागं होतं.

कॅरियरला हे काही लागत नाही. चप्पल घातली की निघालं. म्हणून कल तिकडे; पण ते नीट बांधलं नाही तर फायद्यापेक्षा दुखणंच जास्त. पट्टा आधी कमरेला; सिझेरियन असेल तर टाक्यांच्या वर, थेट टाक्यांवर नाही. बाळाचं डोकं सहज मुका घेता येईल इतक्या उंचीवर, तोंड-नाक दिसत राहील असं. हनुवटी आणि छातीत दोन बोटं मावायला हवीत. मान खाली मुडपली तर श्वास अडतो, आणि बाळ रडतही नाही म्हणून लक्षात येत नाही. गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्यांना पूर्ण आधार. पाय नुसते लोंबकळत असतील तर ते कॅरियर घेऊ नका. किमान वजन लेबलवर पाहा, बरेचदा साडेतीन किलोंच्या आसपास असतं. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

निघण्याआधी पाजून, ढेकर काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा. भरलेल्या छातीवर पट्टे दाबले गेले की दुधाची गाठ होते, आणि दोष बिचाऱ्या चालण्यावर येतो. मध्यम चालण्यानं दूध आटत नाही, हे सासूबाईंना सांगून ठेवा. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत परत या. दोघांची उष्णता एकत्र होते, तेव्हा बाळाला एकच सुती झबलं पुरे. डिसेंबरात शाल दोघांच्या बाहेरून, पण बाळाचं तोंड उघडं.

पहिला आठवडा बाळाशिवाय, दहा मिनिटं, तेही सपाट रस्त्यावर. दुसऱ्या आठवड्यात कॅरियर घालून तेवढंच. नंतर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा वेग बरोबर. तीस मिनिटं पाच दिवस झाली की जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलेली आठवड्याची 150 मिनिटं भरतात. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. सोबत रोज, लघवी आणि वारा दोन्ही रोखल्यासारखे स्नायू वर ओढून पाच आकडे धरायचे, सोडायचे, दहा वेळा, श्वास न कोंडता. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात. त्या सुटल्या तर चढावर दम लागतो आणि बाई चालणंच सोडते.

खाली ओढल्यासारखं जड वाटलं, लघवी गळली किंवा कमी झालेला रक्तस्राव पुन्हा लालभडक झाला, तर दोन पायऱ्या मागे या: कॅरियर बाजूला, वेळ निम्मा. तरीही थांबलं नाही तर डॉक्टर. एकाच पोटरीत दुखणं आणि सूज आली तर त्याच दिवशी.

तळमजल्यावर राहत असाल किंवा लिफ्ट असेल आणि सोसायटीत गुळगुळीत रस्ता असेल, तर बाबागाडी घ्या, मी वाद घालणार नाही. पाठीचं जुनं दुखणं असेल तरी तीच. बाकीच्यांनी दुकानात जाताना बाळाला पाजून सोबत न्या, कॅरियर घालून दहा मिनिटं तिथेच फिरा आणि दुकानाच्या पायऱ्या एकदा चढून-उतरून बघा. खांद्याला पट्टा रुतला तर दुसरं मागा.