थायरॉक्सिनची १०० ची गोळी: बाटली माणसाची, डोस कुत्र्याचा

कुत्र्याची थायरॉइड ग्रंथी कमी काम करू लागली की त्याला गोळी द्यावी लागते, पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये खास कुत्र्यासाठीची थायरॉइडची गोळी सहसा नसते. मिळते ती माणसांची, थायरोनॉर्म नाहीतर एल्ट्रॉक्सिन. आतलं औषध तेच, लेव्होथायरॉक्सिन. म्हणून ती कुत्र्यालाही चालते, अन् चांगली चालते. घोळ होतो तो हिशेबात.

माणसाला किलोमागे दीड-पावणेदोन मायक्रोग्रॅम पुरतं. कुत्र्याच्या आतड्यात हे औषध कमी शोषलं जातं आणि शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे सुरुवातीचा डोस किलोला २० मायक्रोग्रॅम, बहुधा दिवसातून दोनदा. ३० किलोच्या लॅब्राडोरला एका वेळी ६००, म्हणजे १०० च्या सहा गोळ्या. चिठ्ठी पाहून मेडिकलवाला विचारणारच, "भाऊ, सायबानं एक शून्य जास्त तं नाही मारला?" शंका रास्त आहे. चिठ्ठीवर 'कुत्रा, ३० किलो' असं लिहूनच घ्या. २५ ची बाटली घेतली तर एका वेळी चोवीस गोळ्या मोजत बसाल. १०० चीही शंभर गोळ्यांची बाटली आठ दिवसांत रिकामी होते.

गोळी उपाशीपोटी द्या, खाण्याच्या तासभर आधी. दूध-पोळीत चुरून दिली की शोषण बरंच घटतं. कॅल्शियम किंवा लोहाचं टॉनिक सोबत असेल तर आणखी. रिकाम्या पोटी घेतच नसेल तर रोज त्याच वेळी, तेवढ्याच घासात द्या आणि तसं डॉक्टरांना सांगा, डोस त्यावर बेततील.

मे महिन्यात पारा ४५ वर असताना बाटली टिनाखालच्या फळीवर ठेवू नका. कूलरच्या झोतातही नको, ती हवा दमट असते. आतल्या खोलीतल्या बंद कपाटात ठेवा, झाकण घट्ट.

आता कोणी घेऊच नये ते. कुत्रा खाजवून खाजवून टकला झाला असेल तर आधी गोचीड, खरूज बघा. थायरॉइडच्या त्रासात अंगावरचे केस दोन्ही कुशींवर सारखे विरळ होतात, शेपूट उंदरासारखी उघडी पडते, खाज मात्र बहुधा नसते. गोचीडतापात, स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर किंवा फिटच्या गोळ्या चालू असताना टी-४ (रक्तातला थायरॉइडचा हार्मोन) उगाच कमी दिसतो. माणसांच्या लॅबमधला टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणाऱ्या हार्मोनची तपासणी) तर कुत्र्याच्या कामाचाच नाही, कारण तो किट माणसाच्या हार्मोनसाठी बनलेला असतो. नमुना कुठं पाठवायचा ते पशुवैद्यकाला विचारा. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

तरतरी आठ-पंधरा दिवसांत येते, केसांना दोन-चार महिने लागतात. चार ते आठ आठवड्यांनी, गोळी दिल्यावर चार ते सहा तासांनी रक्त तपासा. हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर सुरुवात कमी डोसनं. कुत्रा सावलीत बसूनही धापा टाकतोय, पाणी सपासप पितोय, रात्रभर येरझारा घालतोय, तर डोस जास्त झालेला असू शकतो. पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन लावा.