आयटीआय, अप्रेंटिस, तीन महिन्यांचा कोर्स की महामंडळ? गोव्यातल्या मुलांसाठी तुलनात्मक आढावा

मार्च संपला की कौशल्य विकासाशी संबंधित खाती, महामंडळं आणि प्रशिक्षण केंद्रं आपापल्या वर्षभराच्या कामाचा हिशेब मांडतात. इतके प्रवेश झाले, इतकी प्रमाणपत्रं वाटली, इतक्यांना रोजगार मिळाला. त्याच सुमारास दहावी-बारावीचे निकाल लागतात. ज्या घरांत कॉलेजची ओढ नाही किंवा ऐपत नाही, तिथं पेडण्यापासून काणकोणपर्यंत हे आकडे आधार म्हणून वाचले जातात. जिथं जास्त मुलं शिकली, जास्त जणांना काम लागलं, तिथं आपल्यालाही घालावं, असा साधा विचार. तो फसतो, कारण "काम लागलं" याचा अर्थ दर ठिकाणी निराळा आहे.

प्रश्न किरकोळ नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या श्रमबल पाहणीत देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, गोव्याचा ८.५. सरकारी नोकरीची वाट पाहत पंचविशी उलटू देणं, हे त्यातलं एक कारण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आपल्या घराबद्दल कोणी बोलत नाही. दुसरं कारण खाणींचं. २०१२ साली पहिल्यांदा आणि मार्च २०१८ मध्ये दुसऱ्यांदा खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांग्यात ट्रक, मशीन आणि गॅरेज यांच्यावर चालणारी घरं अडकली. बापाच्या हाताखाली शिकून त्याच धंद्यात शिरायची सोय तिथं उरली नाही. शिकायचं ते बाहेरच.

आधी आकडे कसे बनतात ते

आयटीआयचा हिशेब ऑगस्टच्या आसपास सुरू होतो आणि दोन वर्षांच्या ट्रेडमधला, म्हणजे एखाद्या कामाच्या अभ्यासक्रमातला, मुलगा तिसऱ्या वर्षी बाहेर पडतो. अहवालात एकाच पानावर "यंदाचे प्रवेश" आणि "यंदाचे रोजगार" असले, तरी ती वेगवेगळी मुलं असतात. एकाला दुसऱ्याने भागून टक्केवारी काढली तर ती निरर्थक येते.

अप्रेंटिस म्हणजे कंपनीत काम करत शिकणारा शिकाऊ उमेदवार. त्याच्या आकड्यात, करार झाला की मुलगा मोजला गेला. तिसऱ्या महिन्यात त्याने सोडून दिलं तरी त्या बेरजेत तो बसलेलाच असतो.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या छोट्या कोर्सांची गोष्ट याहून बोलकी आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला ३० टक्के पैसे वर्ग सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्र झाल्यावर आणि उरलेले २० टक्के मुलाला काम लागल्यावर मिळत. म्हणजे मुलगा कुठंही लागला नाही तरी संस्थेचे शंभरातले ऐंशी रुपये सुटलेले. मग धावपळ वर्ग भरण्यासाठी होणार की नोकऱ्या शोधण्यासाठी, हे सांगायला कोणी अर्थतज्ज्ञ नको. पहिल्या तीन टप्प्यांत देशभरात, अल्पमुदतीच्या प्रशिक्षणात प्रमाणपत्र मिळालेल्या शंभरांतल्या जेमतेम चाळीस-बेचाळीस जणांना काम लागल्याची नोंद आहे. चौथ्या टप्प्यात तर मुलांनी हवी ती वाट निवडावी, असं म्हणत रोजगाराची ती नोंद ठेवण्याची अटच ढिली केली गेली. प्रगतीचा आकडा आता मुख्यतः प्रशिक्षितांचाच उरतो.

गोवा मनुष्यबळ विकास महामंडळाचं उलट. तिथं शिकवणारा आणि कामावर घेणारा एकच, त्यामुळं शिकलेल्यातले बहुतेक जण कामावर दिसणं हे त्या रचनेतच आहे. तो आकडा खोटा नाही. पण त्याची तुलना आयटीआयशी करू नये.

आयटीआय आणि अप्रेंटिस

खरी तुलना या दोघांची आहे, आणि माझ्या मते ती "किंवा"ची नाहीच.

पणजी, म्हापसा, डिचोली, पेडणे, होंडा, फर्मागुढी, मडगाव, काकोडा, काणकोण, वास्को अशा ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत, त्यामुळं बहुतेकांना घरून ये-जा करता येते आणि फीचा बोजा फारसा नसतो. सगळे ट्रेड मात्र सारखे नाहीत. इलेक्ट्रिशियन, फिटर, एसी-रेफ्रिजरेशन हे दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, संगणक चालक हे एक वर्षाचे. इलेक्ट्रिशियनला दहावीत गणित-विज्ञान लागतं, वेल्डर किंवा वायरमनला आठवी पासही चालतो. गोव्यात एसीचं काम जाणणारा माणूस रिकामा बसलेला मी पाहिलेला नाही. प्रत्येक हॉटेल, प्रत्येक फार्मा कारखाना, किनारपट्टीवरची प्रत्येक नवी इमारत त्याच्यावर चालते. इलेक्ट्रिशियनला पुढं अनुभव जोडून परवाना काढता येतो आणि स्वतःच्या नावावर कामं घेता येतात. संगणक चालकाचा एक वर्षाचा ट्रेड मात्र केवळ "एसीत बसून काम" म्हणून निवडला जातो. त्या कामासाठी पदवीवाले रांगेत उभे असतात, तिथं दहावीवाल्याचा टिकाव लागणं कठीण.

दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर केला तर तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाटही उघडी राहते. छोट्या कोर्सला असं पुढचं दार नाही. "आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं" असं म्हणणाऱ्या मामा-काकांना हे सांगून ठेवावं.

आयटीआयची कमजोरीही तितकीच ठसठशीत आहे. वर्कशॉपमधली यंत्रं आणि वेर्ण्याच्या कारखान्यातली यंत्रं यांत फरक असतो. वेळ पाळणं, शिफ्ट करणं, सुपरवायझरचं ऐकून घेणं हे वर्गात शिकवता येत नाही. ते शिकवतं अप्रेंटिसचं वर्ष.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९च्या नियमांप्रमाणे दहावी पासला महिन्याला किमान ६,००० रुपये, बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,००० विद्यावेतन. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. त्यामुळं सही करताना करारावर कोणती रक्कम लिहिली आहे ती डोळ्यांखालून घालावी. या विद्यावेतनातलाच केंद्राचा वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेतून २०२३ पासून थेट मुलाच्या बँक खात्यात येतो. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर तो अडकतो, आणि कंपनीने पैसे खाल्ले असा गैरसमज होतो.

पण अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे, हे घरच्यांनी आधी पचवावं. कायद्याच्या दृष्टीनं तो कामगार नाही, शिकणारा आहे. पीएफ नाही, मुदत संपल्यावर कामावर ठेवून घेण्याचं बंधनही नाही. दुसऱ्या बाजूनं, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून त्याला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही आणि कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे. करार सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नोंदवलेला नसेल तर यातलं काहीच लागू पाडता येत नाही. "आमच्याकडे ट्रेनी म्हणून ये, कागदपत्रं नंतर करू" असं कोणी म्हणालं, तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, स्वस्तातली मजुरी.

दुसरी खोच ट्रेडच्या प्रकारात आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या, ट्रेडमध्ये अप्रेंटिस पूर्ण करून परीक्षा दिली की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, आणि वीज खातं, शिपयार्ड, रेल्वे अशा ठिकाणी अर्ज करताना ते वजनदार ठरतं. कंपनीनं स्वतः आखलेल्या ऐच्छिक ट्रेडचं तसं नाही. तिथला अनुभव त्या कंपनीत किंवा तशाच कंपनीत उपयोगी पडतो.

अंतराचाही हिशेब करा. पेडण्याच्या मुलाने म्हापसा, पणजी करत रोज वेर्णा गाठायचं ठरवलं तर सात हजारांतले किती बसभाड्यात आणि चहा-पावात जातील? त्याच्यासाठी तुये, मोप किंवा थिवीच्या बाजूला मिळालेली जागा, नाव छोटं असलं तरी, बरी.

तीन महिन्यांचे कोर्स

यांना सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. मोपचं विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या निमित्तानं तिथं हवाई वाहतुकीशी निगडित कौशल्य केंद्रही उभं राहिलं. अशा ठिकाणी कोर्स कुठल्या कामासाठी आहे ते समोर दिसतं. मालक दिसत असेल तर छोटा कोर्स चांगला. मालक दिसत नसेल तर भिंतीवरचं प्रमाणपत्र.

हॉटेलच्या कोर्सांबाबत आपल्याकडे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, ती सीझनची. ऑक्टोबरमध्ये संपणाऱ्या बॅचमधल्या मुलांना वेटर, हाउसकीपिंग, किचन हेल्पर म्हणून उचलायला हॉटेलं तयारच असतात. तीन महिन्यांनी पाहणी केली तर सगळी कामावर दिसतात, नोंद होते, अहवाल सजतो. मेअखेर शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी उपाहारगृहं, उतरतात, हॉटेलं माणसं कमी करतात, आणि जूनमध्ये त्यातली कितीतरी मुलं घरी असतात. म्हणून केंद्रात विचारायचं ते "किती जणांना प्लेसमेंट?" असं नाही. गेल्या सीझनच्या बॅचमधली मुलं या पावसात कुठं आहेत, त्यातल्या दोघांशी बोलता येईल का, असं विचारावं. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

ग्रामीण मुलांसाठीच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत निदान प्रशिक्षितांपैकी ७० टक्क्यांना काम देण्याची अट घातली गेली होती. अशी अट असलेला कोर्स आणि नसलेला कोर्स यांत निवड असेल, तर अटीचा घ्यावा.

महामंडळ आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज

महामंडळ सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग अशा कामांसाठी तयार करून मुख्यतः सरकारी खात्यांत आणि संस्थांत माणसं पुरवतं. घरात कमावतं कोणी नाही, पगार आजच हवा, तर ही वाट सन्मानाची आहे. मात्र खात्यात ड्युटी लागली म्हणजे खात्याची नोकरी लागली असं नव्हे, आणि पाच वर्षं गेटवर उभं राहून हाताला नवीन कसब येत नाही. विशीतल्या मुलाला मी इथं पाठवणार नाही. चाळिशीतल्या, खाणीवरचं काम गेलेल्या माणसाला जरूर.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजकडून प्रशिक्षणाची अपेक्षा कोणी करत नाही, नोकरीची करतात. १९५९च्या कायद्यानं मालकांवर रिक्त जागा कळवण्याचं बंधन घातलं, तिथूनच माणूस घेण्याचं नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याचं नाव करिअर सेंटर झालं आहे. तरी पणजीत नोंदणी करून कार्ड चालू ठेवावं, कारण सरकारी जागांच्या अर्जाला ते लागतं. सोबत मामलेदार कचेरीतून पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. आणि आपल्या मराठी शाळांतून शिकलेल्या मुलांना मुद्दाम सांगायचं: सरकारी जाहिरातींत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असतं. घरात कोंकणी बोलतो तेवढं पुरतं असं समजून कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेला जाऊ नये. देवनागरी कोंकणी लिहायचा, वाचायचा थोडा सराव हवा.

मग कोणी काय घ्यावं

दहावी पास, सोळा-सतरा वर्षांचा, घरी दोन वर्षं धीर धरता येतो: इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा एसीचा दोन वर्षांचा ट्रेड आणि लगेच अधिसूचित ट्रेडमध्ये एक वर्ष अप्रेंटिस. बाकी काही शोधत बसू नये.

बारावी झाली, वीस उलटली, पुन्हा वर्गात बसायचा कंटाळा: थेट अप्रेंटिस, पण घरापासून तासाभरात पोचता येईल अशाच ठिकाणी.

लग्न होऊन मुलं शाळेत जाऊ लागलेली बाई, जिला गावातच काहीतरी करायचं आहे, तिच्यासाठी यातलं काहीच नीट बसत नाही. शिवण, केशकर्तन, कुंभारकाम अशा अठरा पारंपरिक धंद्यांपैकी एखादा ती आधीच करत असेल, तर २०२३ची विश्वकर्मा योजना पाहावी. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० आणि पाच टक्के व्याजानं पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज आहे. अर्जानंतर पंचायतीकडून पडताळणी होते, तेव्हा पंचांना आधी भेटलेलं बरं.

आयटीआयचे फॉर्म दहावीच्या निकालानंतर लगेच निघतात आणि एसी, इलेक्ट्रिशियनच्या जागा पहिल्याच फेरीत भरतात. अकरावीचा प्रवेश कुठं होतो ते पाहून मग वळू, असा विचार असेल तर उरतील ते ट्रेड घ्यावे लागतील.