‘आधी अंगाला मुरू द्या’ : एका कॉर्सेटच्या खरेदीत झालेली फसवणूक

गेली सहा वर्षे मी कॉर्सेट घालते, म्हणजे आत उभ्या पट्ट्या असलेले, पाठीमागे दोरीने ओढून कमर आवळणारे वस्त्र. आठवड्यातले पाच दिवस, दिवसाचे सात-आठ तास. तो घालावा की घालू नये, हा वाद मला इथे घालायचा नाही. ज्या रोज घालतात किंवा सुरुवात करण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ही हकिगत लिहीत आहे, आणि त्यातही आपल्याला या विषयातले बरेच कळते असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी. मलाही तसेच वाटत होते. मला जे थोडेफार ठाऊक होते, त्याच्याच आधाराने मला फसवण्यात आले.

रोज घालणारीला एक कॉर्सेट पुरत नाही. दिवसभराचा घाम कापडाच्या दोन-तीन थरांत मुरतो, आणि तो पूर्ण वाळायच्या आत कॉर्सेट पुन्हा अंगावर चढवला, की कापड लवकर कुजते आणि आतल्या पोलादी पट्ट्यांना टोकाकडून गंज धरू लागतो. म्हणून मी दोन कॉर्सेट आलटून पालटून वापरत असे. त्यांपैकी जुन्याची पाठीमागची आयलेटची, म्हणजे दोरी ओवायच्या धातूने मढवलेल्या भोकांची, रांग चौथ्या वर्षी सुटू लागली आणि मला नवा कॉर्सेट घेणे भाग पडले. ज्या बाईंनी आधीचे दोन्ही शिवले होते, त्यांनी हाताच्या दुखण्यामुळे काम थांबवले होते. अशा वेळी एका विक्रेत्याची जाहिरात दिसली : मापाबरहुकूम शिवलेला, कौटिल या घट्ट विणीच्या कापडाचा, संपूर्ण पोलादी पट्ट्यांचा, दीर्घकाळ वापरण्याजोगा कॉर्सेट. किंमत चांगल्या शिवणकामाची असते तेवढीच होती. ती स्वस्त असती, तर मी कदाचित सावध झाले असते.

ऑर्डर देताना त्यांनी एक लांबलचक मापांचा तक्ता भरून घेतला. छातीखालचा घेर, कमर, कमरेच्या हाडांवरचा घेर, नितंब, बसलेल्या स्थितीत छातीपासून मांडीपर्यंतची उंची, अशी एकूण अकरा मापे. उंचीचे माप बसून घ्यावे लागते हे माहीत असलेला माणूस या कामातला असणार, असा माझा ग्रह झाला. माझी कमर २८ इंच; मी कमरेला २४ इंचांचा कॉर्सेट मागितला, म्हणजे पाठीमागे दोन इंचांची फट राहून तो २६ वर बसला असता. ही फट मुद्दाम ठेवायची असते, आणि ती वरपासून खालपर्यंत सारखी राहिली तर कॉर्सेट मापाचा आहे असे समजावे. ती खाली किंवा वर फाकली, तर कॉर्सेटचे माप त्या अंगाचे नव्हे. हा साधा नियम मला तोंडपाठ होता, आणि तरीही पुढे जे झाले ते झाले.

संपूर्ण रक्कम आधी भरली. पाच आठवड्यांनी पार्सल आले. वरून काळे साटीन, पुढे बंद करायचे पोलादी बस्क (खुंट्या असलेली उभी पट्टी), पाठीला चकचकीत आयलेट. मी कपाटातले लोहचुंबक काढून पुढच्या बस्कला लावले, तर ते खटकन चिकटले. पाठीमागे आयलेटच्या कडेला लावले, तिथेही चिकटले. एवढ्यावर माझे समाधान झाले. बाजूच्या पट्ट्या ज्यांत सरकवलेल्या असतात त्या नेफ्यांवर लोहचुंबक फिरवून पाहण्याचे मला सुचले नाही. खरे सांगायचे तर, चार वेळा खात्री करून घेणे म्हणजे स्वतःच्या खरेदीवर संशय घेणे, असे काहीसे वाटले असावे.

सोबत एक सुबक छापलेले पत्रक होते. नवा कॉर्सेट पहिल्याच दिवशी घट्ट ओढू नये, तो अंगाला मुरू द्यावा, पहिले सहा आठवडे दिवसातून दोनच तास आणि लेस (पाठीची ओढायची दोरी) सैल ठेवून घालावा, दर आठवड्याला पाठीचे एक छायाचित्र पाठवावे म्हणजे आम्ही मार्गदर्शन करू, असे त्यात लिहिले होते. कॉर्सेट मुरवावा लागतो, ही गोष्ट खरीच आहे. कापडाचे धागे, शिवणी आणि पट्ट्या अंगाच्या वळणावर बसायला वेळ लागतो, आणि शरीरालाही सरावावे लागते. रोज दोन तास याप्रमाणे सुमारे दोन आठवडे हा सर्वसाधारण रिवाज आहे. सहा आठवडे मला जास्त वाटले, पण ‘जास्त काळजी घेणारी माणसे दिसतात’ असा अर्थ मी लावला. माल परत करण्याची मुदत ३० दिवसांची होती. हे दोन आकडे मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत.

लेस सैल असेपर्यंत कॉर्सेटचा कोणताही दोष उघड होत नाही, ही यातली मेख आहे. सैल ओढलेल्या कॉर्सेटची फट सगळीकडे रुंदच असते, त्यामुळे ती समांतर आहे की फाकलेली, हे कळत नाही. पट्ट्यांवर भार नसतो, आयलेटवर ताण नसतो. तिसऱ्या आठवड्यात मी एकदा कमरेपाशी थोडे अधिक ओढून पाहिले, तेव्हा कमरेवर फट जवळजवळ मिटली आणि खाली नितंबांकडे चांगली चार बोटे उघडी राहिली. मी छायाचित्र पाठवले. उत्तर आले, ‘घाई करत आहात. कापड अजून बसलेले नाही. आणखी तीन आठवडे थांबा.’ मी थांबले. तेवढ्यात ३० दिवस उलटून गेले.

सातव्या आठवड्यात मी तो पहिल्यांदा दिवसभर घातला. दुपारपर्यंत डाव्या बरगडीखाली काहीतरी टोचू लागले आणि संध्याकाळी उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आल्या. नव्या कॉर्सेटचा त्रास समजून मी आणखी चार दिवस रेटले, हा मूर्खपणा पूर्णपणे माझा. पाचव्या दिवशी मांडीवर तळहाताएवढी जागा बधिर झाली होती. तिथे बोट फिरवले तर मध्ये जाड कापड असल्यासारखे वाटत होते. डॉक्टरांनी त्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात असे सांगितले. मांडीच्या बाहेरच्या त्वचेची संवेदना वाहणारी नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून जाते, आणि घट्ट पट्ट्याने किंवा कपड्याने ती तिथे दबली की हे होते. कॉर्सेट नितंबांवर अरुंद असल्यामुळे त्याची खालची कड नेमकी तिथेच रुतत होती. दाब काढल्यावर साधारण महिनाभराने ती जागा पूर्ववत झाली. सहा वर्षांत मला असे कधीही झाले नव्हते, कारण मापाचा कॉर्सेट दाब देतो तो कमरेच्या मऊ भागाला. तो हाडांवर टेकत नाही.

त्यानंतर मी कॉर्सेट टेबलावर घेतला आणि लहान कात्रीच्या टोकाने बाजूच्या एका नेफ्याचे टाके उसवले. आतून निघाली ती पांढरी, अर्धपारदर्शक, बोटाच्या निम्म्या रुंदीची प्लास्टिकची पट्टी. कमरेच्या जागी ती कायमची मुडपली होती आणि मोडीवर दुधी रेघ उमटली होती. वरचे टोक कापल्यावर घासलेले नव्हते, त्यामुळे त्याचा कोपरा अस्तरातून बाहेर यायच्या बेतात होता. बरगडीखाली टोचत होते ते हेच. मग मी एकेक करून सगळे नेफे उघडले. चौदा पट्ट्यांपैकी पोलादाच्या चारच : दोन आयलेटच्या आतल्या बाजूला, दोन बाहेरच्या. म्हणजे माहीतगार माणूस जिथे लोहचुंबक लावील, तिथेच पोलाद घातले होते.

उरलेला कॉर्सेटही मग वाचता आला. कौटिल म्हणजे हेरिंगबोन विणीचे, न ताणणारे घट्ट सुती कापड. इथे साटीनच्या मागे चिकटवलेला साधा पातळ कपडा होता. कमरेवरून आडवी जाणारी मजबूत फीत, जी खरा ताण सोसते आणि घेर वाढू देत नाही, ती नव्हतीच. आयलेट एकाच तुकड्याचे, मागे कडी नसलेले होते. लेस ओढली की त्यांचे दाते कापडातून निसटत. धातूची आयलेट १८२०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि त्यानंतरच कॉर्सेट आजच्यासारखे जोराने ओढता येऊ लागले, कारण त्याआधीची दोऱ्याने विणलेली भोके तेवढा ताण सोसत नसत. या कॉर्सेटची भोके त्या जुन्या भोकांपेक्षाही कच्ची होती. शेवटी पाठीच्या दोन्ही कडा जुळवून अर्धा घेर मोजला आणि दुप्पट केला : २४ च्या जागी साडेसव्वीस इंच. त्यातले मुळात चुकीचे किती आणि सात आठवड्यांत ताणून वाढलेले किती, हे आता सांगता येत नाही, कारण कॉर्सेट आला त्या दिवशी मी टेप लावलीच नव्हती. माझी अकरा मापे कोणी वाचली होती असे मात्र त्या कॉर्सेटवरून दिसत नव्हते; तो तयार मालातला एक नग होता.

मी सगळ्या पट्ट्या ओळीने मांडून छायाचित्रे पाठवली. पहिले उत्तर असे की या साध्या प्लास्टिकच्या पट्ट्या नसून कृत्रिम व्हेलबोन आहे आणि जुन्या काळचे कॉर्सेट व्हेलबोनचेच असत. इथेही सत्याचा आधार होताच. व्हेलबोन म्हणजे हाड नव्हे, देवमाशाच्या जबड्यातल्या गाळणीच्या लवचीक पट्ट्या. त्यांच्यासारखे वागणारे चांगल्या प्रतीचे कृत्रिम बोनिंग, म्हणजे पट्ट्यांचे साहित्य, मिळते आणि उत्तम कारागीर ते वापरतात. पण ते असे मोडीवर पांढरे पडून मुडपलेले राहत नाही, आणि मुख्य म्हणजे मला विकले होते ते पोलाद. दुसरे उत्तर अधिक चीड आणणारे होते. तिसऱ्या आठवड्यात मीच पाठवलेले छायाचित्र जोडून त्यांनी लिहिले, की मुरवण्याच्या काळात ग्राहकाने लेस मर्यादेबाहेर ओढल्याचे यात स्पष्ट दिसते, सबब हमी लागू नाही. शिवाय निगा चुकली असावी.

निगेबद्दल एवढेच सांगते. मी कॉर्सेटखाली नेहमी सुती शमीज घालते, म्हणजे घाम आणि त्वचेचे तेल त्यात राहते आणि धुवायचे ते शमीजच. कॉर्सेट धुण्याच्या यंत्रात कधीही टाकत नाही, पाण्यात बुडवत नाही. डाग पडला तर ओल्या फडक्याने तेवढीच जागा टिपते. उतरवताना आधी लेस पूर्ण सैल करते आणि मगच पुढचे बस्क उघडते, कारण ताण असताना बस्क ओढले तर त्याच्या खुंट्या वाकतात. उतरवल्यावर अस्तर बाहेरच्या बाजूला करून खुर्चीच्या पाठीवर रात्रभर वाऱ्याला ठेवते. याच सवयींवर आधीचा कॉर्सेट चार वर्षे चालला.

रक्कम परत मिळवण्यासाठी कार्ड देणाऱ्या बँकेकडे हरकत नोंदवली. त्यांनी मागितला तो वर्णनाचा पुरावा, आणि तिथे मी उघडी पडले. जाहिरातीचे पान मी जपून ठेवले नव्हते. उघडून पाहिले तर ‘संपूर्ण पोलादी पट्ट्या’ या जागी ‘मजबूत पट्ट्या’ असा शब्द बदललेला. माझ्याजवळ उरलेल्या पावतीवर केवळ ‘कॉर्सेट, काळे साटीन, २४’ एवढेच होते, आणि काळ्या साटीनचा एक कॉर्सेट मला मिळाला होता यात शंका नव्हती. हरकत फेटाळली गेली.

त्याच पानावर खाली ‘समाधानी ग्राहक’ या मथळ्याखाली पाच छायाचित्रे होती. चौथे माझे होते. मान वरून कापलेली, पण भिंतीवरचा दिव्याचा खटका आणि कपाटाचे दार माझेच. कमर मात्र माझी नव्हती. ती संगणकावर दोन्ही बाजूंनी आत ढकलली होती, इतकी की कमरेच्या शेजारी कपाटाच्या दाराची उभी रेघही आत वाकली होती. मग मी उरलेली चार छायाचित्रे नीट पाहिली. एकात फरशीच्या रेघा वाकलेल्या, एकात पडद्याची कड. ऑर्डर देण्यापूर्वी यांतली दोन मी पाहिली होती आणि ती पाहूनच ऑर्डर दिली होती. जिथे हे पान होते त्या संकेतस्थळाच्या चालकांकडे तक्रार केल्यावर माझे छायाचित्र अकरा दिवसांनी निघाले. बाकीची चार अजून तिथेच आहेत.

तो कॉर्सेट मी टाकलेला नाही. बस्क आणि चार पोलादी पट्ट्या काढून घेतल्या आणि त्यांतल्या दोन जुन्या कॉर्सेटची आयलेटची बाजू नव्याने शिवताना वापरल्या. दरम्यान दुसऱ्या एका शिवणाऱ्या बाईंकडे काम दिले आहे. त्यांनी निम्मीच रक्कम आगाऊ घेतली आणि सहा आठवडे थांबायला न सांगता आधी साध्या मांजरपाटाचा कच्चा नमुना पाठवला, ज्याला टाचून पट्ट्या लावल्या आहेत आणि प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने क्रमांक घातले आहेत. तो काल पूर्ण ओढून घालून पाहिला. पाठीची फट वर दोन इंच, कमरेला दोन, खाली पावणेतीन. नितंबांवर दोन्ही बाजूंना मिळून पाऊण इंच सोडायला हवे, असे चिठ्ठीवर लिहून नमुना आज परत पाठवते आहे.